तापली की बंद, निवली की चालू: छोट्या गाडीचं लांब पल्ल्यातलं दुखणं

"मेस्त्री, गावात काय बी तक्रार न्हाई. घाट लागला की बंद पडतीया, धा मिनटं थांबलं की आपली आपण चालू हुतीया."

पावसाळा सरून कोकणाच्या फेऱ्या सुरू झाल्या की हे वाक्य गॅरेजात सारखं ऐकू येतं. मोटारसायकल कुठल्या का कंपनीची असेना, असते शंभर ते दोनशे सीसीची, एका सिलिंडरची, वाऱ्यावर गार होणारी. मालकाने लांबच्या प्रवासासाठी तिला थोडंफार नटवलेलं असतं. आणि दोष असा, की गॅरेजच्या दारात तो कधीच दिसत नाही.

मग ठरलेला खेळ सुरू होतो. मेस्त्री कोल्हापूरच्या दसरा चौकापर्यंत चक्कर मारून येतो, "मस्त चालतीय की" म्हणतो, कार्बोरेटर साफ करतो, प्लग बदलतो. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा घाटात उभी. मग सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) बदलतात, मग कॉइल. पैसे जातात, दोष जागच्या जागी. कारण या दोषाचा पुरावा गरम गाडीतच असतो आणि गाडी निवली की तोही जातो. बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, रस्त्याच्या कडेला जे बघाल त्यातून जे कळतं, ते नंतर गॅरेजात दिवसभर गाडी उघडून बसलं तरी कळत नाही. म्हणून खालच्या तपासण्यांचे दोन भाग केलेत. पहिला गरम गाडीवर, जागेवरच करायचा. दुसरा घरी, गार गाडीवर.

आपल्याकडे हे दुखणं जास्त दिसायला एक साधं कारण आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, घाटमाथ्याच्या बाजूला. करूळ असो, आंबा, फोंडा किंवा आंबोली, जाताना आपल्याला घाटात उतार मिळतो. चढ येतो परतीला. तेव्हा गाडी दिवसभर तापलेली असते, मागे माणूस असतो, कॅरियरला आंब्याची पेटी किंवा सुक्या मासळीचं बोचकं असतं. त्यामुळे "जाताना तर झकास गेली" या म्हणण्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

गाडी बंद कशी पडली हे आठवून ठेवा. अर्धा तपास इथेच होतो.

बटण दाबल्यासारखी एकदम गप्प झाली, आधी काही कुरकुर नाही, तर संशय विजेवर: प्लगचा करंट, कॉइल, वायरिंग, साइड स्टँडचा स्विच.

आधी गचके मारले, ॲक्सिलरेटर पिळला तरी ओढेना, मग धापा टाकत मेली, तर पेट्रोल पोचत नाही. कार्बोरेटरची गाडी असेल तर मरता मरता चोक ओढून बघा. चोकने क्षणभर जीव आला तर पेट्रोल कमी पडतंय हे जवळजवळ नक्की.

हळूहळू ताकद कमी होत गेली, चौथ्याची तिसऱ्यात, तिसऱ्याची दुसऱ्यात आणावी लागली, इंजिनाचा आवाज खरखरीत झाला, तर तेल, टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट, पुढे येईल) किंवा धरून बसलेला ब्रेक.

इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, हे वेगळं दुखणं. ते क्लचचं. कारचं तेल इंजिनात घातलं की असं होऊ शकतं. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए२" असं लिहिलेलं तेलच घ्यायचं. या लेखात क्लचचं एवढंच.

रस्त्याच्या कडेला, गाडी गरम असताना

वळणावर थांबू नका. घाटात गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत सरळ, रुंद जागी आणा. ढकलताना एक तपासणी फुकटात होऊन जाते: गाडी हलकी सरकते की जड? जड सरकत असेल तर पुढे ब्रेकच्या भागाकडे या.

पहिलं, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), पेट्रोलचा कॉक आणि साइड स्टँड. हसू नका. लगेज बांधताना किल स्विचला धक्का लागून गाडी "बिघडलेली" आमच्याकडे टेम्पोत घालून आली आहे. अनेक नव्या गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन बंद करणारा स्विच असतो. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेला चिखल त्यात बसतो आणि खड्ड्यात आदळली की गाडी मरते. स्टँड दोन-तीनदा वर-खाली करा, पाणी मारून चिखल काढा.

दुसरं, टाकीचं झाकण. यावर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण खर्च शून्य आणि या दुखण्यात गुन्हेगार बहुतेक वेळा हाच. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते धुळीने, गंजाने किंवा पॉलिशने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गावात पाच किलोमीटरच्या फेरीत हे जाणवत नाही, कारण मध्ये थांबतो तेवढ्यात हवा कशीबशी झिरपते. सलग तासभर चालवली की जाणवतं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा झिरपते आणि गाडी चालू होते. म्हणजे लोक ज्याला "तापून बंद पडली" म्हणतात, त्यातल्या कितीतरी गाड्यांचा तापण्याशी काडीचा संबंध नसतो.

तपास असा: बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, कान जवळ न्या. हवा फुस्स करून आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर चोर सापडला. एक खबरदारी घ्या. उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर पडतानाही फुस्स होतं, ते वेगळं. हवा आत गेली की बाहेर आली हे महत्त्वाचं. झाकण उघडताना जवळ विडी-सिगरेट पेटलेली नको, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

लांबच्या प्रवासाची हौस इथे बरोबर आडवी येते. टाकीवर बांधायची बॅग. मस्त दिसते, पाण्याची बाटली हाताशी राहते, आणि झाकणावर गच्च बसून भोक बंद करते. बॅग घ्यायचीच असेल तर खाली उंचवटे असलेली घ्या किंवा झाकण मोकळं सोडून बांधा. २०१७ नंतरच्या बीएस-४ आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत टाकीची वाफ पाइपने एका छोट्या डब्यात जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात. कॅरियर किंवा साइड बॅगची पट्टी लावताना तो पाइप चिमटला गेला तरी असाच त्रास होतो. आणि पेट्रोल पंपावर "गळ्यापर्यंत भरा" म्हणण्याची सवय सोडा. जास्तीचं पेट्रोल त्या डब्यात जाऊन तो निकामी होतो.

तिसरं, पेट्रोल येतंय का. एफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत, किल्ली चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घूं अशी बारीक घरघर ऐकू यायला हवी. गार असताना येते आणि बंद पडल्यावर येत नाही, तर पंप, त्याची वायर किंवा फ्यूज. कार्बोरेटरच्या गाडीत खालचा ड्रेन स्क्रू अर्धा फेरा सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. सायलेन्सरवर एक थेंबही पडता कामा नये, नाहीतर हे करूच नका. धार लागून राहिली तर ठीक. थोडं येऊन थांबलं तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा पाइप.

ती बाटली दोन मिनिटं उभी ठेवून तळ बघा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी शिरलंय. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मुरतं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. कॉक पेट्रोल उचलतो तोही तळाजवळूनच. गगनबावड्याच्या पावसात रात्रभर उघड्यावर उभी केलेली गाडी दुसऱ्या दिवशी चढावर धापा टाकते त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. झाकणाच्या खोबणीत पाणी निचरून जायला आणखी एक भोक असतं, ते चिखलाने बुजलं की खोबणीत साठलेलं पाणी सरळ टाकीत. त्यात बारीक तार घालून मोकळं करा.

चौथं, करंट. इथे एक युक्ती सांगतो, ती लक्षात ठेवा. गरम इंजिनाचा प्लग काढू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना पाना लावला तर आटे निघून येतात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगसाठी हेडचं काम निघतं. त्याऐवजी डिकीत एक जादा प्लग ठेवा. इंजिनातला प्लग तसाच राहू द्या, त्याची टोपी काढून जादा प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या पंखांना टेकवा आणि किक किंवा सेल्फ मारा. प्लग हातात धरायचा नाही, रबरी टोपीला धरायचं. झटका जोरदार बसतो. पेट्रोल गळत असेल तर ही तपासणी अजिबात नको. निळी, टकटकीत ठिणगी दिसली तर वीज ठीक. अशक्त, पिवळट दिसली किंवा दिसलीच नाही तर विजेकडे वळा. दोन प्लगच्या गाडीत दोन्ही टोप्या तपासा.

ठिणगी नसेल तर किल्ली बंद करून टाकीखालच्या इग्निशन कॉइलवर ओला रुमाल गुंडाळा, वायरींचे जोड भिजू न देता. दोन मिनिटांनी रुमाल काढून पुन्हा बघा. ठिणगी परत आली तर कॉइल तापल्यावर आतून तुटते आहे. नाही आली तर संशय पल्सर कॉइलवर, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते कळवणाऱ्या कॉइलवर. नावावरून गोंधळू नका, ती सगळ्याच गाड्यांत असते, मॅग्नेटच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कव्हरच्या आत. इंजिनाच्या उष्णतेतच बसलेली असल्यामुळे ती गरम असताना मरते आणि निवली की जिवंत होते. गॅरेजमधल्या मीटरला ती बिचारी कायम "ओके" दाखवते. मीटर सोबत असेल तर तिथेच, गरम असतानाच ओहम मोजा.

पाचवं, ब्रेक. डिस्कच्या जवळ हात न्या, बोट लावू नका. पुढची डिस्क आणि मागचा ड्रम यांची धग बघा. घाट उतरताना मागच्या ब्रेकवर पाय ठेवून बसायची सवय असेल तर ड्रम तापलेला असणारच. पण चढावर, ब्रेक न वापरता एक चाक धगधगत असेल तर ब्रेक धरून बसलाय आणि छोटं इंजिन तेवढ्या ओझ्याने दमतंय. मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. मागच्या ड्रमचा नट सैल करून पायडलला साधारण २० ते ३० मिमी मोकळीक द्या, हे तुम्ही करू शकता. डिस्कचा पिस्टन अडकला असेल तर ते तुमचं काम नव्हे.

घरी आल्यावर, गाडी गार असताना

तेल. तेलाच्या पातळीकडे लोक इतकं दुर्लक्ष का करतात हे मला कोडंच आहे. वाऱ्यावर गार होणाऱ्या इंजिनात उष्णता बाहेर काढायचं मोठं काम तेलच करतं, आणि या गाड्यांत तेल असतं जेमतेम लिटरभर. त्यातलं पाव लिटर जळून गेलं की उरलेल्यावर केवढा ताण येतो बघा. गावात चालवताना जे तेल महिनोन्‌महिने पुरतं, ते हायवेवर सलग सत्तर-ऐंशीने पळवताना भराभर कमी होऊ शकतं. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी, इंजिन थोडं चालवून बंद करा, काही मिनिटांनी काडी पुसून बघा. काडी आटे न लावता नुसती टेकवायची की फिरवून बसवायची हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, दोन्हींत पातळी वेगळी दिसते. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही वाईट. दाट तेल घातलं की इंजिन गार राहतं ही समजूत सोडून द्या. कंपनीने सांगितलेला ग्रेड घाला.

एअर फिल्टर. गळीत हंगामात करवीर, कागल, पन्हाळा तालुक्यांतल्या रस्त्यांवर जी धूळ आणि पाचट उडते, त्यात मॅन्युअलमधली किलोमीटरची मुदत पाळण्यात अर्थ नाही. अर्ध्यावरच उघडा. फोम असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. कागदी असेल तर फार मळल्यावर बदला. हवा मारून फाडू नका.

चेन. मागे माणूस आणि सामान बसलं की मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट ठेवलेली चेन लोड पडल्यावर तारेसारखी होते, बेअरिंग खाते, ओढ मारते. मधोमध साधारण २५ ते ३५ मिमी खेळ ठेवा. हे एका जागी न बघता चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा.

प्लगचा रंग. टोक विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन आतून भाजतंय. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलं तेलकट असेल तर तेल वर येतंय, आणि तो खर्च मोठा. पुन्हा बसवताना आधी बोटांनी आटे लावा. नवा प्लग बोटांनी घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा फेरा, जुना असेल तर त्याहून कमी.

पांढरा प्लग दिसला की मी पहिल्यांदा सायलेन्सर बघतो. आवाजासाठी मोकळा सायलेन्सर लावला आणि कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेच ठेवलं, की मिश्रण पातळ होतं आणि चढावर इंजिन तापतं. मूळ सायलेन्सर परत लावा. आवाजाचा पोलीस दंड वाचेल तो वेगळाच.

आता टॅपेट. वरच्या सगळ्यांत काही सापडलं नाही आणि गाडी ताकद सोडत सोडत मरते, गरम असताना किक लोण्यासारखी हलकी लागते, निवल्यावर पुन्हा कडक होते, तर माझं बोट टॅपेटवर. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची लांबी वाढते. त्यासाठीच टॅपेटमध्ये फट ठेवलेली असते. ती नसेल तर गरम व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर सीटवर टेकला की तिथूनच आपली उष्णता सोडतो. तो टेकलाच नाही तर कडा जळायला लागते.

हे घडतं कसं? टॅपेट थोडं टिकटिक करत असतं. मालकाला तो आवाज आवडत नाही. "मेस्त्री, आवाज काढा की." मेस्त्री घट्ट करून देतो. गाडी गप्प होते, मालक खूश. आणि पहिल्याच घाटात बंद. थोडी टिकटिक असू द्या. फट साधारण ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते, इनलेट आणि एक्झॉस्टची वेगवेगळी असू शकते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मोजायची ती रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. दाबाच्या स्ट्रोकला, मॅग्नेटवरची टी खूण जुळवून, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) मोकळे हलत असतील तेव्हाच मोजा. चुकीच्या वरच्या टोकाला मोजलेली फट तुम्हाला फसवते. हे पूर्वी केलं नसेल तर एकदा जाणत्या मेस्त्रीशेजारी उभं राहून बघा, मग हात घाला.

बॅटरी आणि जादा दिवे. रात्री आंबा घाटात धुकं असतं, म्हणून लोक फॉग लॅम्प लावतात, ते समजू शकतं. पण हिशेब करा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट. अनेक छोट्या गाड्यांचा मॅग्नेट एकूणच तेवढी वीज जेमतेम बनवतो, आणि त्यातून हेडलाइट, इग्निशन, एफआयचा पंप सगळं चालवायचं असतं. २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट दिवसाही चालूच असतो. घाटात कमी फेऱ्यांवर, दिवे पेटवून चढताना व्होल्टेज पडतं आणि एफआय गाडी गप्प होते. साधा मीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास हवं. चालू करून फेऱ्या वाढवल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. तेराच्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही, पंधराच्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारं आरआर युनिट गेलं. दिवे लावायचेच तर कमी वॉटचे एलईडी, वेगळा फ्यूज, रिले, आणि वायर थेट बॅटरीवरून. किल्लीच्या वायरला कापून जोडलेला मोबाइल चार्जर हे अचानक बंद पडण्याचं आवडतं कारण आहे. हँडल वळवलं की तो जोड ओढला जातो, गाडी नेमकी हेअरपिनला मरते, आणि सगळे म्हणतात तापली.

लेग गार्डला बांधलेलं रेक्झिन किंवा प्लास्टिक चिखल अडवतं तसंच वारंही अडवतं. पावसाळा संपला की ते काढून ठेवा. दुधाच्या किटल्या नेणाऱ्या गाड्यांवर ते वर्षभर असतं, आणि उन्हाळ्यात त्याच गाड्या आमच्याकडे येतात. हायवेला वेग मिळावा म्हणून पुढचं स्पॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मोठं करून घेणाऱ्यांनाही घाटात त्याची किंमत मोजावी लागते. गाडी चौथ्यात कण्हत चढते आणि चालवणारा गिअर पाडत नाही. स्पॉकेट मूळचं ठेवा, चढावर गिअर लवकर पाडा. इंजिन थोडं जास्त फिरलं तरी चालतं, कण्हायला नको.

इथे हात आवरा

पुढचं काही दिसलं तर घाट चढायचा नाही. गाडी टेम्पोत घाला किंवा मेस्त्रीला बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३, अपघात किंवा धोका असेल तर ११२.

किक खालीच जात नाही किंवा मागचं चाक गिअरमध्ये अडकलंय: पिस्टन जाम झाला असण्याची शक्यता मोठी. निवल्यावर सुटला तरी चालवू नका, लाइनरला (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीला) ओरखडे पडलेले असतात. हे बोअर-पिस्टनचं काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते नीट करून देणारे आहेत, पण बोअर करायच्या आधी मोजमाप दाखवायला सांगा.

आतून ठोकल्यासारखा धातूचा आवाज, किंवा तेलाचा लाल दिवा: त्याच क्षणी इंजिन बंद.

एफआय गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला: अंदाजाने सेन्सर बदलू नका, स्कॅनर लावणाऱ्याकडे जा. पंपाचा दाब मोजायलाही वेगळं गेज लागतं, एफआयच्या पाइपात दाब असतो, तो रस्त्यावर उघडायचा नाही.

डिस्क ब्रेकचं ऑइल, कॅलिपर, एबीएस: यात प्रयोग नको.

पेट्रोलचा वास येतोय, पण गळती कुठून ते दिसत नाही: किल्लीलाही हात लावू नका.

मेस्त्रीकडे गेल्यावर "तापून बंद पडते" एवढंच सांगू नका. एकदम मेली की धापा टाकत, टाकीत पेट्रोल किती होतं, झाकण उघडल्यावर काय झालं, गरम असताना ठिणगी होती का, पंपाची घरघर होती का, लोड किती होता, गेल्या महिन्यात काय बदललं. हे मोबाइलमध्ये लिहून न्या. चांगला मेस्त्री हे ऐकून निम्मे भाग बाजूला ठेवतो. जो न ऐकता थेट सीडीआय बदलायला घेतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या.

दुरुस्ती झाली की चाचणी पन्हाळ्याला जाऊन करू नका. वीसेक किलोमीटरमध्ये हे दुखणं वर येत नाही. तेवढाच लोड, तीच टाकीवरची बॅग, टाकीत पेट्रोलही बंद पडली तेव्हा होतं तेवढंच ठेवा. दुपारी मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जा, चहा प्या, आणि लगेच परत चढा. वर येईपर्यंत इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही तर दुसऱ्या दिवशी गार गाडीवर तेलाची काडी आणि प्लगचा रंग बघा. दोन्ही ठीक असतील तर गोव्यापर्यंत बिनधास्त जा.